कुंकवाचा करडा रंग

अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, वाशीमच्या अलीकडे, जऊळका लागतं. मालेगाव तालुक्यातलं हे गाव ‘जऊळका रेल्वे’ म्हणूनच ओळखलं जातं. २००८ साली हा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्याआधी इथून मीटरगेजच्या गाड्या धावत. समजा, आज या फलाटावर कुणी मोबाइलवर फोटो काढला. लाल लुगड्यातली, कपाळावर ठसठशीत कुंकू लावलेली आजी, शेजारी पांढऱ्या धोतरातले आजोबा, मागे सोयाबीनचं हिरवंगार वावर आणि वर निळं आभाळ. हा फोटो मीटरगेजच्या काळातला वाटावा अशी हौस आली तर तो पठ्ठ्या काय करेल? स्नॅपसीड उघडेल, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करेल, मग ‘ग्रेनी फिल्म’ दाबून वरून सढळ हाताने दाणे पेरेल. कडा काळ्या करेल. जमलंच तर दोन-चार ओरखडेही ओढेल.

एवढं सगळं करूनही फोटो जुना वाटत नाही. मोबाइलवर काढून वरून खराब केलेला वाटतो. याचं कारण सॉफ्टवेअर कच्चं आहे हे नाही. आपण ज्याची नक्कल करतोय ते नेमकं काय होतं, हेच कुणी बघितलेलं नसतं.

बघायला लांब जावं लागत नाही. कुठल्याही जुन्या घरात माजघराच्या भिंतीवर चौकटीत लावलेला आजोबांचा स्टुडिओतला फोटो असतो. तो खाली काढा, काच पुसा आणि भिंगातून चेहरा पाहा. दाणा शोधून सापडणार नाही. गाल गुळगुळीत, मिशीचा केस न् केस वेगळा, फेट्याची चूण स्पष्ट. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्री छायाचित्रात दिसतो तसला खरखरीतपणा या त्याहून जुन्या फोटोत औषधालाही नाही. म्हणजे दाणा हा फोटोच्या वयाचा पुरावा नव्हे. तो निगेटिव्ह किती लहान होती, ती किती मोठी करून छापली आणि काढताना उजेड किती कमी होता, याचा पुरावा आहे.

स्टुडिओतला कॅमेरा मोठा असे, त्यातली काच किंवा फिल्म तळहाताएवढी. ती थेट कागदावर ठेवून छापली किंवा दुप्पट-तिप्पट मोठी केली, की काम झालं. वर रिटचिंगवाला टोकदार पेन्सिल घेऊन निगेटिव्हवरच्या देवीच्या खुणा आणि सुरकुत्या भरून काढी. घरगुती कॅमेऱ्याचंही तेच. बडोद्यात तयार होणारा अॅग्फाचा क्लिक थ्री आपल्याकडे घरोघर पोचला. त्यात १२० नंबरचा रोल लागे आणि बारा चौकोनी फोटो निघत. त्याची निगेटिव्ह साधारण ५६ मिलिमीटर बाजूची. तिचा सहा इंची फोटो काढायचा तर पावणेतीन पट मोठी करावी लागते. याउलट ३५ मिलिमीटरच्या रोलची निगेटिव्ह २४ बाय ३६ मिलिमीटर. तिच्यावरून आठ बाय दहा इंचाचा फोटो काढायचा तर साडेआठ पट. फिल्म तीच, दाणाही तोच; पण दुसऱ्या फोटोत तो तिप्पट मोठा होऊन समोर येतो.

दाणेदार फोटोचं जे चित्र आपल्या डोक्यात बसलंय ते या दुसऱ्या परंपरेतून आलेलं आहे. बातमीदार छायाचित्रकार, छोटा कॅमेरा, अपुरा उजेड, हातात वेळ नाही. त्यातही सगळे दाणेदार नाहीत. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार, स्पीड ग्राफिक आणि रोलायफ्लेक्स वापरत. दोन्हींची निगेटिव्ह मोठी. स्वातंत्र्याच्या आगेमागे त्यांनी टिपलेली दिल्ली म्हणूनच एवढी तुकतुकीत दिसते. आज कुणी ‘होमाईंच्या काळातला लूक’ म्हणून दाणे टाकू लागला तर त्याने आधी एकदा त्यांचे फोटो नीट पाहावेत.

आता दाणा म्हणजे काय ते जरा जवळून पाहू. फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे स्फटिक विखुरलेले असतात, प्रत्येक साधारण एक मायक्रॉनच्या आगेमागे. प्रकाश पडला की स्फटिकावर अदृश्य अशी खूण उमटते. डेव्हलपरमध्ये टाकल्यावर खूण असलेला स्फटिक अख्खाच्या अख्खा काळ्या चांदीत बदलतो, खूण नसलेला तसाच राहतो आणि पुढे हायपोच्या द्रावणात विरघळून जातो. मधलं काही नाही. एक दाणा अर्धवट करडा होत नाही. मग निगेटिव्हवर करडा रंग येतो कुठून? सारवलेल्या अंगणावर पांढरी रांगोळी विरळ भुरभुरली तर लांबून ती जागा मळकट दिसते, दाट टाकली तर पांढरी. रांगोळीचा कण मात्र सगळीकडे सारखाच पांढरा. निगेटिव्हवरचा करडाही असाच दाट-विरळ चांदीतून तयार होतो. आणि हे कण ना सारख्या आकाराचे असतात ना ओळीत मांडलेले. थराच्या जाडीत एकमेकांवर चढलेलेही असतात. आपल्या डोळ्यांना जो दाणा दिसतो तो एकटा स्फटिक नसतो, अशा अनेकांचा पुंजका असतो.

डिजिटल नक्कल इथेच अडते. फिल्ममध्ये दाणे चित्रावर नसतात, चित्रच दाण्यांचं असतं. मोबाइलमधलं फिल्टर आधी तयार असलेल्या गुळगुळीत चित्रावर दाण्यांची चादर पांघरतं. डोळ्याला हा फरक लगेच कळतो, शब्दांत सांगता आला नाही तरी.

स्फटिक मोठा असेल तर त्याच्यावर प्रकाश पडण्याची शक्यता जास्त, म्हणून फिल्म जास्त वेगवान आणि दाणाही जाड. कोडॅकची ट्राय-एक्स ही या जातीतली सगळ्यांत गाजलेली फिल्म. ती १९५४ साली ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये आली आणि वृत्तछायाचित्रकारांनी तिला डोक्यावर घेतलं. पुढे १९८० च्या दशकात कोडॅकने टी-मॅक्स काढली. तिचे स्फटिक ढेकळासारखे नसून चपटे, पापुद्र्यासारखे. तेवढ्याच चांदीत जास्त पृष्ठभाग मिळतो, म्हणून वेग राखूनही दाणा बारीक राहतो. कोडॅक आपल्या माहितीपत्रकात दाण्याचा खरखरीतपणा आकड्यात देते. ४८ मायक्रॉनच्या गोल छिद्रातून निगेटिव्ह तपासायची आणि तिचा काळेपणा जागोजागी किती हलतो ते मोजायचं. ट्राय-एक्सचा आकडा १७, टी-मॅक्स ४०० चा १० आणि टी-मॅक्स १०० चा ८. ‘फिल्म लूक’ असं एकच काही नसतं हे पटायला एवढे तीन आकडे पुरेत.

आपल्याकडचा रोल मात्र अनेकदा ‘इंदू’ असे. उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला आणि इंदू नावाने रोल, कागद आणि एक्स-रे फिल्म विकली. परदेशी माल महाग आणि दुर्मीळ होता त्या काळात गावोगावच्या स्टुडिओंनी इंदूवरच दिवस काढले. कारखाना आता बंद आहे. सॉफ्टवेअरच्या यादीत ट्राय-एक्स, एचपी फाइव्ह, अॅक्रॉस अशी नावं ओळीने सापडतात, पण भारतातले कितीतरी कौटुंबिक अल्बम ज्या फिल्मवर आणि कागदावर उतरले तिचं नाव तिथे कुणी लिहीत नाही. मला याचं वाईट वाटतं. पण नक्कल करायला आधी कुणी तरी मोजमाप घेऊन ठेवावं लागतं, तेही खरंच.

फिल्मइतकाच डेव्हलपरही महत्त्वाचा. १९२७ पासून चालत आलेलं डी-७६ हे सगळ्यांत ओळखीचं मिश्रण. लिटरभर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. यातल्या भरमसाट सल्फाइटमुळे दाण्याच्या कडा थोड्या विरघळतात आणि दाणा मऊ होतो. १८९१ पासूनचं रोडिनल हे त्याच्या उलट: पातळ करून वापरलं की दाणा कोरीव, अणकुचीदार राहतो. फोटो सुधारायच्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये दाण्यासाठी तीन सरकपट्ट्या असतात: प्रमाण, आकार आणि खडबडीतपणा. पहिल्या दोन समजायला सोप्या आहेत. तिसरी हलवताना मी डी-७६ आणि रोडिनल मनात आणतो. मग ती पट्टी कशासाठी आहे ते लगेच कळतं.

पण दाण्याबद्दल बोलताना खरा घोटाळा राहूनच जातो, आणि तो आहे रंगाचा. कृष्णधवल फोटोत रंग नसतात हे खरं, पण प्रत्येक रंगाचा कुठला करडा करायचा हे कुणी तरी ठरवलेलंच असतं. फिल्मच्या बाबतीत ते रसायनाने ठरतं. सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात निळाच प्रकाश दिसतो. १८७३ साली बर्लिनमध्ये हेर्मान फोगल यांच्या लक्षात आलं, की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर हिरवाही दिसू लागतो. त्यातून ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म आली: निळा-हिरवा दिसतो, तांबडा नाही. तांबडाही पाहणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सिनेमात रुळली ती १९२० च्या दशकाच्या शेवटाकडे. डार्करूममध्ये लाल दिवा का असतो, याचं उत्तर यातच आहे. छपाईच्या कागदाला लाल दिसत नाही, म्हणून त्या उजेडात निर्धास्त काम करता येतं. पॅनक्रोमॅटिक रोल मात्र ठार अंधारातच धुवावा लागतो.

म्हणजे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या सुमारास जी फिल्म कॅमेऱ्यात भरली तिला तांबडा रंग जवळपास दिसतच नव्हता. तिच्यापुढे लाल कुंकू म्हणजे काळा ठिपका आणि लाल शालू म्हणजे काळं वस्त्र. प्रभातने १९३७ साली व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुंकू’ काढला तोवर पॅनक्रोमॅटिक फिल्म आली होती. ज्या वस्तूचा सगळा अर्थ तिच्या लाल रंगात आहे तिच्यावरचा सिनेमा कृष्णधवल आहे, आणि तरी शांता आपटे यांच्या कपाळावरचं कुंकू आपल्याला लालच दिसतं. प्रेक्षकाचा डोळा बरंच काम परस्पर करून टाकतो. मात्र त्याला फसवायचं नसेल तर कुंकू आणि कपाळ यांच्या करड्यात पुरेसं अंतर राखावं लागतं.

हे अंतर आकड्यांत पाहण्यासारखं आहे. फलाटावरच्या आजीच्या फोटोत कपाळाच्या एका ठिपक्याचा रंग लाल १५०, हिरवा १००, निळा ७५ असा आहे असं धरू. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पूर्ण उजळ. कुंकवाचा ठिपका लाल १८०, हिरवा २५, निळा ४०. टीव्हीच्या जमान्यापासून चालत आलेलं नेहमीचं सूत्र असं, की लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ घ्यायचे. त्याने कपाळ येतं ११२ आणि कुंकू ७३. ठीक, कुंकू गडद दिसतं. आता ऑर्थोसारखं करू, लाल वगळून हिरव्या-निळ्याची सरासरी: कपाळ ८७, कुंकू ३२. चेहरा सावळा होतो, कुंकू काळंकुट्ट. आता भिंगावर लाल फिल्टर लावल्यासारखं फक्त लाल घेऊ: कपाळ १५०, कुंकू १८०. कुंकू कपाळापेक्षा पांढरं झालं! आभाळ नाट्यमय दिसावं म्हणून लाल फिल्टरचं बटण दाबणाऱ्यांना हे माहीत असतंच असं नाही.

आणि चौथा प्रकार. फोटोशॉपमध्ये ‘डीसॅच्युरेट’ नावाचा झटपट पर्याय आहे. तो सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा घेऊन त्यांचा मध्य काढतो. कपाळ ११२, कुंकू १०२. दोन्ही एकमेकांत मिसळून गेले. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फ्लेक्स लावायची आपल्याकडे रीत आहे, त्यावरचा फोटो बहुधा ब्लॅक अँड व्हाइट असतो आणि फ्लेक्सवाल्याला तासाभरात काम उरकायचं असतं. तो हेच बटण दाबतो. अहेवपणी गेलेल्या बाईच्या फोटोत कपाळ मोकळं दिसलं तर घरच्यांना ते लागणारच, आणि बिचाऱ्या ऑपरेटरला आपण काय केलं हे कळतही नाही. कुंकू त्याने पुसलेलं नाही, गणिताने पुसलं.

इलाज सोपा आहे. झटपट बटण सोडायचं आणि रंगवार सरकपट्ट्या वापरायच्या. लाइटरूम आणि कॅमेरा रॉमध्ये आठ असतात: लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, जांभळा, किरमिजी. फुकटातल्या गिम्प आणि डार्कटेबलमध्ये चॅनल मिक्सरने याच्या जवळपास जाता येतं. लाल खाली ओढली की कुंकू आणि लुगडं गडद होतं, चेहरा फारसा हलत नाही. कारण आपल्या कातडीचा रंग, सावळा असो की गव्हाळ, मुख्यतः नारिंगीच्या पट्टीत येतो. इथे एक मोह होतो. नारिंगी वर ढकलली की माणूस चुटकीसरशी गोरा. जुन्या स्टुडिओवाल्यांनी पावडर फासून, दिवे वाढवून जे केलं तेच आता एका बोटाने होतं. मी ती पट्टी वर नेत नाही. वऱ्हाडातल्या उन्हात राबलेल्या चेहऱ्याचा करडा गडदच असायला हवा. धोतराच्या पांढऱ्यापुढे तो उठून दिसतो, आणि फोटोचं बळ त्या फरकात आहे.

गडद चेहऱ्यांचे कृष्णधवल फोटो किती ताकदीचे होऊ शकतात हे पाहायचं तर मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांचं काम बघावं. मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं त्यांनी वर्षानुवर्षं कृष्णधवलमध्ये टिपलं. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या फोटोंत काळ्याचे किती तरी थर आहेत: मॅनहोलचा काळा वेगळा, ओल्या अंगाचा वेगळा, रात्रीचा वेगळा. फिल्टर लावून एका दमात काळं केलेल्या फोटोत नेमके हेच थर नाहीसे होतात.

आभाळाचंही ऐकण्यासारखं आहे. फिल्मला निळ्याचं जात्याच कौतुक, त्यामुळे साध्या फिल्मवर निळं आभाळ फिकट, जवळजवळ पांढरं येतं आणि ढग त्यात हरवतात. म्हणून लोक पिवळा फिल्टर लावत. डिजिटलच्या नेहमीच्या सूत्रात निळ्याला जेमतेम ११ टक्के, त्यामुळे तेच आभाळ आपसूक थोडं गडद येतं. म्हणजे साध्या कॅमेऱ्याने, फिल्टर न लावता काढलेल्या घरगुती फोटोसारखं दिसायला हवं असेल तर निळी पट्टी खाली नव्हे, वर न्यायला हवी. जऊळक्याच्या फलाटावरचं आभाळ क्लिक थ्रीला कोरंच दिसलं असतं. काळेभोर आभाळ आणि त्यावर कापसासारखे ढग हा थाट लाल फिल्टर घेऊन हिंडणाऱ्या हौशी मंडळींचा.

उजेडाच्या चढउताराबाबतही फिल्म आणि सेन्सर यांचा स्वभाव वेगळा आहे. १८९० मध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी फिल्मवर पडणारा प्रकाश आणि त्यातून येणारा काळेपणा यांचा आलेख मांडला. तो इंग्रजी एस अक्षरासारखा तिरका आणि दोन्ही टोकांना वाकलेला येतो. तळाशी अंधाऱ्या छटा हळूहळू उगवतात, माथ्यावर उजळ छटा हळूहळू मावळतात. सेन्सर तसा नाही. तो सरळ चढत जातो आणि भरला की भरला. भर दुपारच्या उन्हात आजोबांच्या धोतरावर एकदा २५५ आकडा आला की तिथली चूण कायमची गेली. ती नंतर कुठल्याही पट्टीने परत येत नाही. म्हणून मोबाइलवर फोटो काढताना पांढऱ्यावर बोट ठेवून उजेड कमी करावा आणि सावल्या मागाहून उचलाव्यात. निगेटिव्ह फिल्मवाले नेमकं उलटं करत: सावली नीट येईल एवढा प्रकाश द्यायचा आणि धोतराची काळजी डार्करूमवर सोडायची.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी करत नाही. कागदावरचा काळा पूर्ण काळा नसतो. चकचकीत कागदसुद्धा त्याच्या सगळ्यात काळ्या भागातून शेकडा एक भागाच्या आसपास प्रकाश परत फेकतो, मॅट कागद त्याहून जास्त. म्हणून सॉफ्टवेअरमधल्या ‘कर्व्ह’च्या वक्ररेषेचं खालचं टोक किंचित उचलावं, वरचं किंचित दाबावं. किंचितच. काही तयार फिल्टर काळा इतका उचलतात, की अख्खा फोटो धुक्यात काढल्यासारखा होतो आणि त्याला ‘व्हिंटेज’ म्हणतात.

तपकिरी छटेबाबत तर आनंदच आहे. मुद्दाम केलेलं सेपिया टोनिंग म्हणजे चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करणं. ते टिकाऊ असतं आणि म्हणून स्टुडिओवाले त्याचे जादा पैसे घेत. घरातला फोटो पिवळा पडतो तो वेगळ्या कारणाने: घाईत धुतल्यामुळे कागदात हायपो राहिला, त्यातल्या गंधकाने चांदी खाल्ली. पहिली कारागिरी, दुसरा हलगर्जीपणा. मोबाइलमधला ‘सेपिया’ दोन्हींची भेसळ करतो.

हे सगळं झाल्यावर मग दाणा. आधी नव्हे. पट्ट्या आणि वक्ररेषा नंतर हलवल्या तर आधी टाकलेला दाणा ताणला जातो आणि सावल्यांत किडे वळवळल्यासारखा दिसतो. छापलेल्या फोटोत दाणा सगळ्यांत जास्त दिसतो तो मधल्या करड्या छटांत, मोकळ्या आभाळात, गालावर. निखळ काळ्यात आणि निखळ पांढऱ्यात तो दिसत नाही. सेन्सरचा नॉइज याच्या बरोबर उलट, अंधारात जास्त. म्हणून ‘आयएसओ वाढवून काढला की आपोआप फिल्मसारखा येतो’ हा समज खोटा आहे. शिवाय मोबाइल स्वतःच अनेक फ्रेम एकत्र करून नॉइज घासून टाकतो. चेहरा मेणाचा होतो आणि त्यावर आपण दाणे टाकतो! शक्य असेल तर ब्यूटी मोड बंद करून, प्रो मोडमध्ये रॉ फाइल काढावी. मूळ चित्र किंचित मऊ करून मग दाणा टाकला तर दोघे एकजीव होतात; कारण फिल्मवर दाण्यापेक्षा बारीक तपशील नसतोच. दाण्याच्या खालून पापणीचा केस धारदार दिसला, की चोरी पकडली गेली.

आणि अंधारात ‘पुश’ करून काढलेल्या फोटोची नक्कल हवी असेल तर नुसता दाणा पुरत नाही. ४०० आयएसओची ट्राय-एक्स १६०० ची समजून वापरली आणि जास्त वेळ धुतली, की सावल्यांत मुळात नोंदच नसते, त्या गच्च काळ्या येतात. उजळ भाग भडकतो. आणि दाणा फुगतो. तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

हे शिस्तीत करणारी साधनं आहेत. निक कंपनीचं सिल्व्हर इफेक्स बरीच वर्षं या कामातलं मानाचं पान होतं. गूगलने कंपनी घेतली, २०१६ मध्ये ते फुकट वाटलं आणि पुढच्याच वर्षी डीएक्सओला विकून टाकलं. फुजीफिल्मने २०१६ च्या एक्स-प्रो टू कॅमेऱ्यात आपल्याच अॅक्रॉस फिल्मची नक्कल बसवली, आणि तिच्यात दाणा आयएसओप्रमाणे आपोआप बदलतो. सगळ्यांत मुळाशी गेले ते न्यूसन, डेलाँ आणि गालेर्न हे संशोधक. त्यांनी २०१७ मध्ये चादर पांघरायची पद्धतच सोडली. लहान-मोठ्या गोल कणांचा यदृच्छ सडा टाकायचा, जिथे करडा जास्त हवा तिथे दाट, आणि मग त्या सड्याकडे हव्या त्या अंतरावरून बघायचं. असं केलं की फोटो कितीही मोठा करा, चौकोनी ठोकळे दिसत नाहीत. फिल्मसारखेच कण उलगडत जातात. हिशेब मात्र फार लागतो, म्हणून घरच्या लॅपटॉपला घाम फुटतो.

एवढी मेहनत करून लोक फोटोचं करतात काय, तर तो व्हॉट्सअॅपवर टाकतात. तिथे तो लहान होतो आणि जेपेगच्या पद्धतीने दाबला जातो. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे करतो आणि प्रत्येकातला बारीक चढउतार आधी फेकतो. दाणा म्हणजे नुसता बारीक चढउतार. त्यामुळे तो धुऊन तरी निघतो किंवा डागांसारखा चिकट होतो. सिनेमावाल्यांपुढेही हीच अडचण होती. त्यावर एव्ही-१ या व्हिडिओ पद्धतीत वेगळीच युक्ती आहे: पाठवताना दाणा गाळून टाकायचा, त्याचं फक्त वर्णन पाठवायचं, आणि बघणाऱ्याच्या पडद्यावर त्या वर्णनाबरहुकूम नवा दाणा पेरायचा. फोटोसाठी अशी सोय व्हॉट्सअॅपवर नाही. म्हणून आधी फोटो हव्या त्या मापाचा लहान करावा, दाणा त्या मापावर टाकावा, थोडा जाडच ठेवावा, आणि गॅलरीतून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावा. छापायचा असेल तर मोबाइलच्या पडद्यावर बोटांनी मोठा करून दाणा ठरवू नये. आधी पोस्टकार्डाएवढा एक नमुना लॅबमधून काढून घ्यावा. चार बाय सहाला जो दाणा दिसतच नाही तो बारा बाय अठराला तिप्पट होऊन पुढ्यात येतो. आणि फ्लेक्सवर तर दाणा टाकूच नये. त्या छपाईचे स्वतःचेच ठिपके एवढे ढोबळ असतात, की रस्त्यापलीकडून बघणाऱ्याला कपाळावरचं कुंकू दिसलं तरी पुष्कळ.